माया

मेन रोडच्या बोळात, भांड्यांच्या दुकानामागे,
माझी सहा बाय आठची खोली,
एक पायमशीन, एक आरसा
आणि एकोणचाळीस वह्या.
नाव, छाती, कंबर, आसन, तारीख.
चाळता चाळता दिसतं,
कसं गाव सैल होत गेलं,
वर्षाला अर्धा इंच.

तुषार आहेर, सातपूरला कंपनीत लागला तेव्हा अठ्ठावीस.
रात्रपाळी लागली, तीस.
पहाटे सुटल्यावर गाडीवर मिसळ, जादा दोन पाव,
मग पडदे ओढून झोप, तेहेतीस.

विजया कुलथे
दुसऱ्या बाळंतपणानंतर बाह्या उसवायला आल्या.
थायरॉइडची गोळी सुरू झाली, पुन्हा आल्या.
सासू अंथरुणाला खिळली, सकाळचं फिरणं सुटलं,
पुन्हा आल्या.
दरवेळी म्हणाल्या, कापडच आटलं हो.
मी म्हणालो, हल्ली फार आटतं.

लोणारी सर वीस वर्षं चौतीसच सांगतात.
खोटं नाही ते.
पँट पोटाखाली सरकत गेली, माप जागच्या जागी राहिलं,
मी फक्त आसन कमी करत आलो.

शिंपी कुणाला जाड म्हणत नाही.
शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त सोडतो,
पुढे उसवायला.
आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात.

परवा सरांचा सफारी द्यायला
गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर गेलो, ते तिथेच चालतात.
बाहेर मांडव. फुकट तपासणी.
म्हटलं, माझं काय बघता, मी तर काडी.
मुलीनं टेप काढली, पिवळी, पितळी टोकाची,
पाठीमागे तिला पीळ पडला.
मी सरळ करून दिली.
शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड, त्यांच्या मधोमध,
जिथं मी उभ्या आयुष्यात कुणाला मोजलं नाही.
"श्वास सोडा, काका."
हे तर माझं वाक्य.
आणि मी धरून ठेवला होता.

मग अनवाणी, पोलादी पट्ट्यांवर,
दोन हातांत दोन मुठी.
अंगातून बारीक करंट जातो, म्हणाली, कळणार नाही.
पाण्यातून सहज जातो, चरबीपाशी अडतो,
किती अडला त्यावरून अंदाज.
अंदाज म्हणाली, तेव्हा जरा आपली वाटली.

कागद निघाला.
वजन एकसष्ट. चरबी एकतीस टक्के. स्नायू कमी.
हातपाय काटकुळे, साठा सगळा आत, आतड्यांभोवती.
बसून काम?
बसूनच.
चहा?
सात. दीड चमचा साखर.
वडिलांना मधुमेह?
होता, पायाचा अंगठा गेला त्यात.
जन्माच्या वेळचं वजन?

आता हे कोण सांगणार.
बाहत्तरच्या दुष्काळात आई सिन्नरकडे खडी फोडत होती,
सुकडीवर,
आणि मी पोटात.
तराजू तेव्हा धान्याला होता, तोही रिकामा.

मुलगी लिहिता लिहिता थांबली.
म्हणाली, असं बाळ साठवायला शिकूनच येतं, काका,
पुढे मिळेल न मिळेल.

म्हणजे कुणीतरी आधीच
माझ्या शिवणीत
दोन बोटं सोडून ठेवली होती.

दुकानात आलो. चाळिसावी वही काढली.
पहिल्या पानावर, मधुकर निकुंभ.
कंबर, माझ्या जागी तेहेतीस,
तिच्या जागी सदतीस.
कुठलं खोडावं कळेना, दोन्ही ठेवली.

संध्याकाळी तुषार आला पँट न्यायला.
शिवण चाचपून म्हणाला, सोडलीय ना माया?
सोडलीय, म्हटलं.
मग अजून काहीतरी म्हणणार होतो,
त्याच्या डोळ्यांखाली रात्रपाळी सुजली होती,
तो पैसे मोजत होता.

चहाचा पोरगा आला, ग्लास मशीनवर टेकवून
पुढच्या दुकानात पळाला.
बिनसाखरेचा सांगायचं
राहून गेलं.